करडू बाहेर बांधा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, "डॉक्टरसाहेब, वाचकाला खिळवून ठेवील असं काहीतरी द्या. साप चावलेले, कुऱ्हाडीचे घाव, अडलेल्या बाळंतिणी." हे सगळं माझ्या नोकरीत घडलं, नाही असं नाही. पण आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा मी जी शस्त्रक्रिया केली ती सांगायला जरा संकोच वाटतो. विडी पेटवायला जितका वेळ लागतो तितकाही तिला लागत नाही. रक्त पडलंच तर दोन थेंब. ज्याच्यावर ती केली त्याला आठवत नाही आणि जिनं करून घेतली ती आठ दिवसांत विसरते. तान्ह्या मुलांच्या जिभेखालचा पडदा कापणं, एवढीच ती. मी तिच्यावर लिहितो आहे. ज्यांना कुऱ्हाडीचे घाव हवेत त्यांनी खुशाल पान उलटावं.

आधी हा पडदा म्हणजे काय ते सांगतो. आरशासमोर उभं राहून जीभ टाळूला लावा. जिभेच्या खाली मधोमध एक पातळ घडी दिसेल. ती जिभेला खाली बांधून ठेवते. काही मुलांत ही घडी आखूड असते आणि पार शेंड्यापर्यंत आलेली असते. मग जीभ उचलत नाही, हिरडीच्या पुढं येत नाही, आणि जोर केला की शेंड्याला मधोमध खाच पडते. असं मूल आईच्या अंगावर नीट पीत नाही. धरतं, सोडतं, रडतं, पुन्हा धरतं. आईच्या छातीला चिरा पडतात. घरातली माणसं म्हणतात, हिचं दूध बाधतंय. कुणी म्हणतं, नजर लागली. अंगारे होतात, ताईत बांधले जातात आणि मूल दिवसेंदिवस वाळत जातं. तान्हेपणी हा पडदा ओल्या कागदाइतका पातळ असतो. पन्हळी पाडलेली एक लोखंडी सळई मिळते, तिच्या मागच्या टोकाला चपटं पान असतं आणि पानाला फट. त्या फटीत पडदा घ्यायचा, पानानं जीभ वर उचलायची, बोथट टोकाच्या कात्रीनं एकदा कापायचं आणि लगेच मूल आईच्या अंगावर द्यायचं. दूध पिणं हेच त्याचं औषध. कात्री खोल जाऊ द्यायची नाही, कारण खाली दोन निळ्या शिरा असतात. एवढं सांभाळलं की झालं.

पोलीस ॲक्शन होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा माझी बदली ताडकळसच्या बाजूच्या एका बाजारगावी झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सरकारी दवाखाना म्हणजे तीन खोल्या, पुढं दगडी ओटा, ओट्याला चार लाकडी खांब आणि अंगणात लिंबाचं झाड. दवाखान्याचा कारभार खरा पाहायचा तो बशीरमियाँ नावाचा कंपाउंडर. वय पन्नाशीच्या पुढं, दाढी मेंदीनं रंगवलेली. माणूस ओट्याच्या तीन पायऱ्या कसा चढतो यावरून तो त्याचा आजार सांगायचा आणि माझी तपासणी होईपर्यंत औषधाची बाटली धुऊन ठेवायचा. बहुतेक वेळा ती बाटली बरोबर निघायची. मी हैद्राबादेहून शिकून आलेला पंचविशीतला डॉक्टर. मला ते फारसं रुचायचं नाही.

जिभेच्या धंद्यात माझ्या आधीपासून होती ती सरूबाई सुईण. तिनं उजव्या करंगळीचं नख वाढवलं होतं. शेण-माती करताना त्या बोटाला ती चिंधी गुंडाळायची. तान्ह्याची जीभ अडली की ती करंगळी तोंडात घालून एका झटक्यात पडदा तोडायची आणि वर हळद दाबायची. खोटं कशाला बोलू, बहुतेक पोरं बरी व्हायची. जी बरी व्हायची नाहीत ती सुजलेलं तोंड घेऊन माझ्याकडं यायची. असंच एक मूल फार वाईट अवस्थेत आलं, तेव्हा मी सरूबाईला बोलावून भर ओट्यावर, चार माणसांत, नको नको ते बोललो. तिनं पदर सारखा केला आणि गेली.

त्यानंतर तीन महिने माझ्याकडं एकही तान्हं मूल आलं नाही. जिभेचं नाही, खोकल्याचं नाही, जुलाबाचंही नाही.

शेवटी बशीरमियाँ म्हणाला, "साब, नख तो उसका वैसाइच है. आप तो उसकी इज्जत काट डाले."

मग मी स्वतः सरूबाईच्या दारात गेलो. तहाची कलमं बशीरमियाँनंच आधी ठरवून ठेवली होती. पडदा मी कापायचा, पण मुलाचं डोकं तिनं धरायचं. बाळंतिणीच्या घरून सुइणीला खण-नारळ मिळतो तो तिचाच राहायचा. सरकारी दवाखान्यात फुकट असलं तरी तिचा मान फुकट जायला नको. ज्याच्या घरी खण नसेल त्यानं ओंजळभर जोंधळे घातले तरी चालतील. बदल्यात तिनं नख कापायचं.

"समदं मंजूर हाय," ती म्हणाली, "पर नख मी न्हाई कापनार. तुमाला पायजे तर तुमी कापा."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर तिनं हात पुढं केला आणि मी त्याच कात्रीनं ते नख कापलं. तिनं बोट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "आता डोई खाजवायला बी काई ऱ्हायलं न्हाई," आणि हसली. त्या दिवसापासून मुलं यायला लागली, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जीभ सोडवून घेण्याचा भाव एक खण आणि एक नारळ असा ठरून गेला.

फुकट कामाची मात्र एक गंमत असते. गावातल्या एका लिंगायत दुकानदाराच्या नातवाची जीभ अडलेली होती. त्यांच्या मनात मुलाला हैद्राबादेला न्यायचं होतं. सरूबाईनं कशीबशी त्यांना ओट्यावर आणलं. त्यांच्या स्वामींनी वेळ काढून दिली होती, त्या वेळेला मी पडदा कापला. आजोबांनी डोळे मिटले होते. ते उघडून त्यांनी विचारलं, "कधी करनार?" झालं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. एवढी मोठी नातवाची जीभ आणि एवढंसंच काम! ते घरी गेले, पण समाधान होईना. शेवटी चौथ्या दिवशी पुन्हा आले आणि म्हणाले, "पोरगं दूध लय चांगलं प्यायलंय. पर साहेब, अजून थोडं काई करायचं असंल तर करून टाका." मी त्यांना मुलाच्या अंगाला तेल लावायला सांगितलं. त्यानं त्यांचं समाधान झालं.

सांगायचं एवढंच की काम चाललं होतं आणि माझ्या डोक्यात थोडी हवा शिरली होती. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका बाजाराच्या दिवशी रंभाबाई आली तेव्हा मी अशा तोऱ्यात होतो.

रंभाबाई धनगराची. नवरा मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठानं फिरतीवर, आणि ही ताडकळसच्या शिवारात शेळ्या राखून मजुरी करायची. बरोबर सात वर्षांची मुलगी होती, धुरपा. धुरपाच्या मांडीवर एक काळं करडू होतं, लांब कानांचं. पोरगी त्याला क्षणभरही सोडत नव्हती.

"बोलत न्हाई सायेब," रंभाबाई म्हणाली. "आ करती, ऊ करती. बोल येत न्हाई. सरूबाई म्हनली जीभ चिकटल्याली हाय, तुमी सोडवताव."

मी जीभ पाहिली. पडदा खरंच होता, जाडसर, शेंड्याजवळ. पोरीला जीभ ओठाबाहेर काढता येत नव्हती. पण माझ्या पुस्तकात लिहिलेलं होतं, आणि मला ते पाठही होतं, की जिभेच्या पडद्यानं मूल मुकं होत नाही. बोबडं बोलेल, र आणि ळ चुकतील, पण बोलेल. मूल बोलतच नसेल तर आधी त्याचे कान पाहा.

"ऐकू येतं का हिला?"

"आता! न यायला काय झालं?" रंभाबाईला राग आला. "लांडगा आला की आमा समद्यांच्या आधी हिलाच कळतंय. कुत्र्याच्या आधी उठून बसती. हिच्या बापाची मेंढरं दोनदा वाचली ती हिच्यामुळं."

मग तिनं खरी अडचण सांगितली. तिचा भाऊ पेडगावला होता. त्याच्या मुलाला धुरपा द्यायची हे पोरगी पाळण्यात असतानाच ठरलं होतं. आता भावजयीनं कुरकुर चालवली होती की मुकी सून मी करणार नाही. "भाऊ म्हनला, पोळ्यापस्तोर बोलली तर माजा शब्द खरा. न्हाईतर माजा विलाज न्हाई. मला दुसरं कुनी न्हाई सायेब. हिला घरात घ्यायचं म्हनलं तर तेच एक घर."

मी कान तपासायचं ठरवलं. टेबलावर शिपायाला बोलवायची पितळी घंटी होती. बशीरमियाँला म्हटलं, पोरीच्या मागं जाऊन वाजवा. तो जाता जाता थांबला. "बकरी का बच्चा लेंड्यां डाल रा साब. भाईर बांधूं क्या?"

मी म्हणालो, "राहू द्या. पोर रडेल. करडू आहे म्हणून ती गप्प बसली आहे."

बशीरमियाँनं घंटी वाजवली. धुरपानं वळून पाहिलं. पुन्हा वाजवली, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यानं पत्र्याच्या तबकावर चमचा आपटला. ती झटकन वळली आणि त्याच्याकडं बघून हसली. त्या काळी आमचं दफ्तर अजून उर्दूत होतं. मी वहीत लिहिलं, समाअत दुरुस्त. म्हणजे ऐकणं ठीक.

मोठ्या मुलाचा पडदा जाड असतो. तिथं बधिर करायची सुई द्यावी लागते आणि एक टाका घालावा लागतो. धुरपा हूं की चूं न करता बसली, करडू घट्ट धरून. काम सुबक झालं. नंतरची कसरत अशी की वरच्या ओठाला मध लावायचा आणि मुलानं तो जिभेनं चाटायचा, म्हणजे जीभ मोकळी होते. मी मध लावला, धुरपानं जीभ बाहेर काढली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ती नाकाच्या दिशेनं वर गेली. सगळे हसलो. त्या आनंदात मी रंभाबाईला म्हणालो, "पोळ्याच्या आत बोलेल. भावाला कळवून टाका."

हे वाक्य मी बोललो नसतो तर आज हा लेख लिहिला नसता.

त्यानंतर प्रत्येक बाजाराच्या दिवशी मायलेकी दवाखान्यात यायच्या. धुरपा मला पाहिलं की जीभ बाहेर काढून दाखवायची, पूर्ण. मी मान डोलवायचो. रंभाबाई माझ्या तोंडाकडं बघत राहायची. बोल काही येत नव्हता. मी म्हणायचो, वेळ लागतो. आधी आई म्हणेल, मग बाकीचं. रंभाबाई दिवसभर रानात तिच्यापुढं "आई, आई" म्हणत राहायची. तिनंच मला हे सांगितलं. धुरपा तिच्या तोंडाकडं बघून तोंड उघडायची, मिटायची. आवाज यायचा, पण शब्द नव्हता.

पावसाळा लागला. एक दिवस दोघी आल्या तेव्हा करडू नव्हतं. ते आता मोठं झालं होतं आणि त्याच दिवशी सकाळी बाजारात विकलं गेलं होतं. धुरपा भिंतीकडं तोंड करून रडत बसली होती. आत बशीरमियाँच्या हातून उकळत्या हत्यारांचं तबक निसटलं आणि फरशीवर पडलं. ओट्यावरचा एक म्हातारा दचकून उभा राहिला. कडेवरचं एक मूल किंचाळलं. धुरपानं मानसुद्धा हलवली नाही.

मी आणि बशीरमियाँनं एकमेकांकडं पाहिलं. त्यानं टेबलावरची घंटी उचलून माझ्या हातात दिली. मी धुरपाच्या मागं गेलो आणि वाजवली. अगदी कानाजवळ वाजवली. काही नाही. मग बशीरमियाँ बाहेर गेला आणि बाजारातल्या कुणाची तरी शेळी ओढत घेऊन आला. ती त्यानं धुरपाच्या पुढ्यात उभी केली. मी मागून घंटी वाजवली. शेळीचे कान ताठ झाले, मान वळली, आणि त्याच क्षणी धुरपानं वळून माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात घंटी होती. तिनं घंटीकडं पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडं. त्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, तिचं रडणं थांबलं.

रंभाबाईला समजावून सांगायला मला वेळ लागला, पण तिला ते मी सांगायच्या आधीच कळलं होतं.

"म्हंजी लांडग्याचं..."

"मेंढरांकडं बघून. त्यांचे कान हलले की हिला कळतं."

"इतकी वरसं ती मेंढराच्या कानानं ऐकायली," रंभाबाई म्हणाली. तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, कानावर आणून ठेवला. मग म्हणाली, "आता भावाला काय सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो. "मी स्वतः पेडगावला जातो. चूक माझी आहे. पोरगी बहिरी आहे, वेडी नाही, उलट सरकारी डॉक्टरला फसवण्याइतकी हुशार आहे, हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो."

मी गेलो नाही. पेडगाव काही विलायतेत नव्हतं. बैलगाडीनं परभणी, तिथून आगगाडी, एका दिवसाचं काम. त्या दिवसांत पटकीची साथ होती, लस टोचायची होती, वरिष्ठ मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार होते. ही सगळी कारणं खरी होती आणि खरं कारण यातलं एकही नव्हतं. शेळीच्या कानांना मी पोरीचे कान समजलो, हे चार माणसांत बसून सांगायची मला लाज वाटली. सरूबाईला चार माणसांत बोलताना ही लाज आड आली नव्हती.

पोळा झाला. पुढच्या बाजारी रंभाबाई एकटीच आली. पेडगावच्या मुलाचं दुसरीकडं ठरलं होतं. "भावजय म्हनली, डाक्टरनं जीभ कापून बी बोलंना, म्हंजी डोस्क्यातच कमी हाय. आदी नुसती मुकी व्हती, आता येडी बी झाली." हे ती अगदी सपाट आवाजात बोलली. मी पेडगावला गेलो नव्हतो हे तिला माहीत होतं. त्याचा तिनं उच्चारही केला नाही. उलट उठताना म्हणाली, "तुमी जीभ सोडवताव म्हनलाव, ती सुटली. त्यात तुमची काय चूक?" तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर आमच्या दवाखान्यात एक नियम झाला. बोलत नाही म्हणून मूल आणलं की आधी कान, मग जीभ. आणि कान तपासताना खोलीत जनावर नको, कुत्रं नको, समोर आईसुद्धा नको, कारण आई दचकली तरी मुलाला कळतं. बशीरमियाँ ओट्यावरूनच ओरडायचा, "जनावर भाईर बांदो!" लोकांना वाटायचं, म्हातारा स्वच्छतेचा भोक्ता आहे. त्या नियमानं नंतर किती मुलांचे कान सापडले ते मी मोजलेलं नाही. त्यांच्यासाठी आमच्याकडं काही औषधही नव्हतं. पण निदान त्यांच्या आईबापांना खोटी तारीख कुणी दिली नाही.

दिवस गेले. दवाखान्यावरची पाटी बदलली. आधी उर्दू होती, मग हैद्राबाद राज्याची मराठीत आली, मग मुंबई राज्याची. वहीतले रकाने बदलले. बशीरमियाँला नवी अक्षरं लावायला त्रास व्हायचा. औषधांच्या बाटल्या मात्र तो पूर्वीसारखाच आधी धुऊन ठेवायचा. सरूबाई थकली आणि मुलांची डोकी धरायला तिची सून यायला लागली. जिभेचे पडदे तसेच होते आणि भावही तोच, एक खण, एक नारळ. धुरपा कधीमधी बाजारात दिसायची. लांबूनच मला ओळखायची आणि सगळ्यांसमोर जीभ काढून दाखवायची. लोकांना वाटायचं, पोरगी डॉक्टरला वेडावते. मीही मान डोलवायचो. पुढं ती दिसेनाशी झाली. लग्न झालं असं कुणीतरी सांगितलं. कुठं, कुणाशी, हे मी विचारलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी पाटी पुन्हा रंगवायला काढली होती. रंगारी शिडीवर होता. खाली रंभाबाई उभी होती, केस पिकलेले. तिच्याबरोबर एक तरुण बाई, छातीशी फडक्यात गुंडाळलेली महिन्याभराची मुलगी, आणि मागं दोरीला बांधलेली एक शेळी. तरुण बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि जीभ बाहेर काढली.

शेळी ओट्याच्या खांबाला बांधून त्या आत आल्या. रंभाबाईनं सगळं सांगितलं. जावई येलदरीला धरणाच्या कामावर दगड फोडतो. बिजवर आहे, पण माणूस चांगला. "तितं सुरुंग उडतेत, यंत्रं चालतेत, कुनाचं कुनाला ऐकू येत न्हाई. समदेच हातानं बोलतेत. हिचं तितं बरं चाललंय." मूल अंगावर पीत नव्हतं. महिनाभर शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून पाजत होते, म्हणून शेळी बरोबर. मूल फारच वाळलेलं होतं. तिथल्या बायका म्हणाल्या होत्या, मुकीचं दूध आहे, कसं लागेल?

मला त्या तान्ह्या मुलीच्या तोंडात पाहायची गरज पडली नाही. धुरपानंच तिचे ओठ उघडले, जिभेखाली बोट दाखवलं, मग स्वतःच्या जिभेखाली दाखवलं. तिचं निदान बरोबर होतं. हा दोष पुष्कळदा आईकडून मुलाकडं येतो. सळईच्या पानात पडदा घेतला, कात्री लावली, दोन थेंब रक्त आलं. मूल रडलं. धुरपानं त्याच्या छातीवर तळवा ठेवून ते रडणं पाहिलं आणि त्याला अंगावर घेतलं. मूल धडपडलं, सुटलं, पुन्हा धरलं, आणि मग पीतच राहिलं. रंभाबाई भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होती. मला वाटलं, झालं काम.

पण धुरपा उठेना. मूल पिऊन झाल्यावर तिनं ते टेबलावर ठेवलं, स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग मुलीच्या कानाला, आणि माझ्याकडं पाहिलं.

मी पितळी घंटी उचलली. तिनं हात वर करून मला थांबवलं. ती बाहेर ओट्यावर गेली, खांबाची शेळी सोडली आणि दोरी आईच्या हातात देऊन दोघींना पार लिंबाच्या झाडाच्या पलीकडं पिटाळलं. परत येऊन तिनं दार लोटून घेतलं. मुलीच्या अंगावरचा स्वतःचा हातही काढून घेतला आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली. मग मला खूण केली, आता वाजवा.

बशीरमियाँनं हातातली बाटली खाली ठेवली.

मी वाजवली. मुलीचे दोन्ही हात फट्‌दिशी उघडले, बोटं फाकली. धुरपानं एक बोट वर केलं, अजून एकदा. मी वाजवली. मूल पुन्हा दचकलं. तिनं पुन्हा बोट वर केलं. दहा वर्षांपूर्वी तिच्यामागं आम्ही तीनदा वाजवलं होतं, तिनं ते मोजून ठेवलं असावं. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा मूल मोठ्यानं रडायला लागलं. ते रडणं खोलीत तिला सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि ती मुलीच्या उघड्या तोंडाकडं, थरथरणाऱ्या मोकळ्या जिभेकडं बघत होती.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते तोंडानं सांगून उपयोग नव्हता. पेडगावला जाऊन जे चार माणसांत म्हणायला हवं होतं ते मी त्या खोलीत, बशीरमियाँच्या देखत केलं. घंटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी स्वतःचे दोन्ही कान धरले.

धुरपा बघत राहिली. मग तिनं मूल उचलून खांद्याला लावलं, माझ्यासमोर उभी राहिली आणि जीभ बाहेर काढली. पार हनुवटीपर्यंत आली. टाक्याची खूणसुद्धा दिसत नव्हती.